छोटी कढई, मोठा जाळ

१२ मार्च. सकाळपासून कडक ऊन, वारा अजिबात नाही.

आमच्या धर्मादाय दवाखान्याचे अध्यक्ष गुळवेशेठ, धंदा फरसाणाचा. ॲम्ब्युलन्सचं इंजिन ऑइल बदलायला हवं, असं ड्रायव्हर शेवंताबाईंनी सांगताच ते सर्वांसमोर कडाडले, “माझी एवढी मोठी गाडी पंधरा हजार किलोमीटर चालते एका ऑइलवर. तुला निम्म्यातच नवं हवं? चोरून विकतेस की काय?”

मला भयंकर संताप आला. बाळंतिणीला नेताना घाटात इंजिन बसलं, तर बोल शेवंताबाईंनाच लागणार.

शेवंताबाई म्हणाल्या, “बरं शेठ. मोठ्या कढईतलं तेल तुम्ही तीन दिवस वापरता ना? मग दवाखान्याच्या रविवारच्या शिबिराची भजी छोट्या कढईतल्या तीन दिवसांच्या तेलात तळून द्या.”

“माझं नाव घालवतेस? छोटीत तेल थोडं, खाली जाळ मोठा. संध्याकाळपर्यंत काळंठिक्कर पडतं!”

“ॲम्ब्युलन्सचं इंजिनही तसंच, शेठ. लहान इंजिन, थोडं ऑइल, त्यात टर्बोचा जाळ आणि रोजचा घाट. तुमची गाडी म्हणजे मोठी कढई.”

दुपारी ऑइल बदललं. पुढची मुदत साडेसात हजार किलोमीटर ठरली. चोरीचा शब्द शेठनी मागे घेतला नाही.