दिवाणजींची खरूज

चांदवलीच्या दरबारात वाद रंगला होता. वैद्यीण गोदूबाई म्हणाल्या, "औषध साऱ्या प्रजेला मिळायला हवं."

दिवाण विसाजीपंत हसले. "छे! वैद्यांमध्ये चढाओढ लागू द्या. ज्याला परवडेल तो उत्तम औषध घेईल. मी नाही का घेत?"

बोलता बोलता ते पाठ खाजवू लागले. "बाई, तुमचं सगळ्यात महागडं मलम लावलं, तरी खरूज तिसऱ्यांदा उठली!"

"मलम चोख आहे. पण तुम्हाला रोज तेल चोळणारा मालिशवालाही खाजवतोय."

"मग त्यालाही द्या की!"

"आणि त्याची बायकोपोरं?"

"त्यांनाही!"

"त्यांचे शेजारी?"

दिवाणजी खांबाला पाठ घासत ओरडले, "अहो, अख्ख्या गावाला द्या, पण मला सोडवा!"

गोदूबाई महाराजांकडे वळल्या. "महाराज, माझं म्हणणं दिवाणजींनीच मांडलं. मी बसते."