मुद्दाम चुकणारा ड्रम

"...आणि तिसऱ्यात तर झांज वाजवून लगेच बोटांनी दाबून धरल्याचा आवाजसुद्धा आहे. मग सांगा नारबाकाका, यातलं कुठलं घेऊ?"

हा प्रश्न भैरोबाच्या देवळात विचारला गेला. भैरोबाने उत्तर दिलं नाही. देव शहाणा आहे.

नारबा गुरव वाती वळत होता. विचारणारा शार्दूल, गावचा भाचा. लहानपणी सुट्टीत यायचा नि नारबाकडे नगारा शिकायचा. आता पुण्यात इंजिनिअर झाला, त्यामुळे नारबाला शिकवायला आला होता.

"यातलं म्हणजे कशातलं?"

"ड्रमचं सॉफ्टवेअर. ड्रम घरात लागतच नाहीत. कुणीतरी मोठ्या वादकाने एकेक ठोका आधीच वाजवून ठेवलेला असतो. आपण कॉम्प्युटरवर फक्त सांगायचं, कुठला ठोका कुठे पडू दे. मी घरीच गाणं रेकॉर्ड करतोय. गिटार माझी, आवाज माझा, शब्द माझे. ड्रम तेवढे राहिलेत."

"आणि ऐकणारा?"

"अं?"

"नाही, म्हटलं, तो तरी बाहेरचा हाय का?"

शार्दूल हसला नाही. मी हसलो. खांबाला टेकून बसायचं नि हसायचं, देवळात माझ्याकडे तेवढंच खातं आहे.

शार्दूलने आपले हेडफोन नारबाच्या फेट्यावरूनच चढवले. नारबाने डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

"छान वाजवतोय. कोण हाय?"

"कोणी नाही."

"मग छान कुणाला म्हणू?"

...

"अहो, पुढचं ऐका. यात एक बटण आहे. ते फिरवलं की ठोके जरा मागेपुढे पडतात. माणसासारखे."

"मुद्दाम चुकतो?"

"मुद्दाम."

"कशापायी?"

"खरं वाटावं म्हणून."

नारबाने हेडफोन काढले, फेटा सारखा केला. "आधी कोण वाजवायचं रे तुझ्याकडं?"

शार्दूलने लॅपटॉप मिटला.

"सुजित. कॉलेजपासूनचा. शेवटच्या कडव्यात लय सोडून पुढे पळायचा. दरवेळी. सांगून सांगून थकलो. एक दिवस म्हटलं, तुझ्यापेक्षा मशीन बरं."

"मग?"

"काठ्या उचलल्या नि रुसून गेला. गाणं तिथंच अडकलंय. शेवटच्या कडव्यापाशी."

"म्हणजे तो फुकट चुकत होता," मी म्हणालो, "आणि तू आता चुका विकत आणणार!"

नारबाने माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. मला जमत नाही, पण बसलो.

"कुठं करतोस हे सगळं?"

"फ्लॅटवर. एका खोलीला चारी बाजूंनी गाद्या लावल्यात. खिडकीलासुद्धा. बाहेरचा आवाज जराही आत येत नाही."

"आणि आतला?"

"तोही बाहेर जात नाही."

...

वाती वळून झाल्या. दिवस कलला. आरतीची वेळ झाली.

आमच्या देवळात आरतीचं यंत्र आहे. मुंबईला स्थायिक झालेल्या एका भक्ताने दिलंय. त्यावर त्याचं नाव भैरोबाच्या नावापेक्षा मोठं रंगवलंय, देवाचा गोंधळ नको म्हणून. बटण दाबलं की नगारा, घंटा, टाळ, सगळं एकदम सुरू. आवाज घरोघर पोचतो. त्यामुळे लोक घरूनच हात जोडतात. देवळात नारबा, देव आणि यंत्र. त्यातलं यंत्र तेवढं बोलतं.

नारबाने बटण दाबलं. शार्दूलने कानांवर हात ठेवले. भैरोबाला बिचाऱ्याला तीही सोय नाही.

नारबा दिवा लावायला गेला. काडी विझली. दुसरी पेटवली, तीही थरथरत्या हातात विझली. यंत्र आपलं धाडधाड पुढे चाललेलं.

नारबा परत आला नि त्याने यंत्र बंद केलं.

एकदम इतकं शांत झालं की मलाच लाज वाटली.

त्याने कोपऱ्यातल्या जुन्या नगाऱ्यावरचं पोतं ओढून काढलं. एक टिपरी शार्दूलच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली. इथं पूर्वी असंच शिकवत. नगारा एक, माणसं दोन, प्रत्येकाला एकच टिपरी. एक ठोका तुझा, एक माझा.

दिवा मी लावला नि तबकही मीच धरलं. एरवी देवळात माझ्याकडे कुणी काडेपेटीसुद्धा देत नाही.

शार्दूलचा ठोका पडला. नेमका.

नारबाचा पडला. उशिरा.

शार्दूलचा पुन्हा नेमका, नारबाचा पुन्हा उशिरा. दोन्ही टिपऱ्या एकमेकींवर आपटल्या. शार्दूलच्या कपाळाला आठी पडली. नंतर तो नगाऱ्याकडे बघायचं सोडून म्हाताऱ्याच्या मनगटाकडे बघायला लागला. टिपरी उचलून थांबायचा. म्हाताऱ्याचा हात खाली आला की मग आपला ठोका टाकायचा.

आरती कडबोळ्यासारखी वाकडी नि हळूहळू चालली होती.

सरपणाची मोळी घेऊन चाललेली सोनाबाई दाराशी थबकली.

"काय रं, आज यंत्र बिघडलं का?"

"साफ बिघडलं," मी म्हणालो.

तिने मोळी उतरवली, पदर सारखा केला, आत आली आणि टाळ्या वाजवायला लागली. त्याही वेगळ्याच लयीत. शार्दूल आता दोघांकडे बघत होता.

आरती संपली. सोनाबाई अंगारा लावून गेली. शार्दूलला घाम फुटला होता. टिपरी त्याने अजून हातातच धरली होती.

"काका, तुमचा हात मागे पडतो."

"पडतो."

"मी थांबत होतो."

"दिसलं."

...

शार्दूलने खिशातून फोन काढला. कुणाचं तरी नाव उघडलं. बघितलं. परत खिशात टाकला.

"मग... सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?"

नारबाने त्याच्या हातातली टिपरी हलकेच सोडवून घेतली.

"कुठलंबी घे. फक्त घ्यायच्या आधी एवढं बघ... रुसतं का."