धुरपाचा उंबरठा

राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून धुरपाला तिसऱ्यांदा हाकललं, तेव्हा तव्यावरची भाकरी अजून उलटायची होती.

"ऊठ! नियमात बसत नाहीस तू," कारभारी रंगोपंत म्हणाले.

नियम राजांचा होता. चाकरी पक्की व्हायची तर रंगोपंतांनी चाकराच्या घरी जायचं आणि त्याच्या उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं. धुरपाला घरच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी डोंगराची दरड तिच्या वाडीवर कोसळली, आणि जगली-वाचली ती वीसेक माणसं राजवाड्याच्या भिंतीला पाठ लावून राहिली. सगळी कामाला वाघ! पण चाकरी लागायची, आठवड्यानं कुंकवाची वाटी घेऊन रंगोपंत यायचे आणि चाकरी जायची. चाकरी नाही म्हणून कुणी खोली देईना, खोली नाही म्हणून चाकरी टिकेना.

धुरपाचं डोकं फिरलं. पिठाच्या हातांनीच ती दरबारात जाऊन उभी राहिली.

गजेंद्रराजे मनानं वाईट नव्हते, फक्त हट्टी होते. त्यांनी भरदुपारी रात्र म्हटली की दरबारी जांभया द्यायला लागत.

"सरकार, आठ दिस तुमी माज्या हातची भाकर खाल्ली. वंगाळ होती का?"

"झकास होती! पण बिनघराच्या माणसाचा भरवसा काय? उद्या पळालीस तर शोधायची कुठं?"

"पळंन कशाला? चुलीपाशी ऊब असती, सरकार."

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. राजांचा हट्ट आणखी चढला.

"मग ऐक! उद्या सूर्य माथ्यावर यायच्या आत मला तुझा उंबरठा दाखव. विकत घ्यायचा नाही, मागून आणायचा नाही, नवा घडवायचा नाही. दाखवलास तर तुम्हा सगळ्यांची चाकरी पक्की. नाही दाखवलास, तर सगळे शहराबाहेर!"

आता कुठं धुरपाच्या ध्यानात आलं. आपल्या जिभेपायी वीस माणसं देशोधडीला लागणार! तरी ती म्हणाली, "दावते. पर बघाया तुमास्नी यावं लागंल."

"येईन की! पालखीतून येईन!"

हट्टाच्या भरात राजे तिथी विसरले. दुसऱ्या दिवशी बैलपोळा होता, आणि पोळ्याला घरदार असलेला माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही. भोई, पहारेकरी, आचारी, सगळे बैलांची शिंगं रंगवायला आपापल्या घरी पसार! मागे राहिले एकटे रंगोपंत, कारण त्यांच्याकडे बैल नव्हता.

"पालखी उचला!" राजे ओरडले. रंगोपंतांनी पालखीकडे पाहिलं, मग राजांच्या पोटाकडे पाहिलं, आणि ते खोकायला लागले.

तेवढ्यात धुरपा आठ गडी घेऊन हजर झाली.

"हे कोण?"

"बिनघरवाले, सरकार. घरवाले घरी गेल्यात."

पालखी निघाली. कुंभारवाडा मागे पडला, देऊळ मागे पडलं, साऱ्या गावाला वळसा झाला. ऊन चढलं. रंगोपंत मागून धापा टाकत होते आणि मुदत संपत आली म्हणून मनातून खूश होते. शेवटी पालखी थांबली. राजांनी पडदा सारला आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"अगं, हा तर माझाच राजवाडा!"

"व्हय. आन् ह्यो माजा उंबरठा." धुरपानं महादरवाज्याच्या दगडी उंबऱ्यावर हात ठेवला. "इकत घेतला न्हाई, मागून आनला न्हाई, घडवला न्हाई. सा वर्सं ह्याच दगडाला डोकं टेकून निजते. आतल्या अंगाला तुमी, भाईरच्या अंगाला आमी. शेजारीच की आपण!"

"शेजारी?" रंगोपंत किंचाळले.

"गप्प बसा, पंत!" राजे मिशीतल्या मिशीत हसू दाबत होते. "मग गावभर कशाला फिरवलंस?"

"भोई कसं चालत्यात त्ये तुमीच बघावं म्हनून. एक तरी हिसका बसला का?"

"नाही बसला. पण माझा सवाल तसाच आहे. पळालीस तर?"

"पळनाऱ्याला जायाला घर लागतं, सरकार! आज तुमची समदी चाकरं कुटं पळाली? घरला! आमी कुटं जानार? हुडकायचंय कशाला? निस्तं दार उघडा, पाय आमच्यावरच पडंल!"

राजे असे हसले की पालखी डुगडुगली आणि आठही गड्यांनी ती सावरली. हसता हसता ते खाली उतरले.

"पंत, काढा कुंकू! वीस बोटं ओढा, बाहेरच्या अंगाला! आणि भिंतीलगतच्या रिकाम्या खोल्या आजच यांना द्या. रोज सकाळी शेजाऱ्यांवरून उड्या मारायचं माझं वय राहिलं नाही!"

रंगोपंत गुडघे टेकून बोटं ओढत बसले. पुसलं गेलं तर पुन्हा ओढायचं, अशी राजांची ताकीद होती.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी राजांचं पान वाढलं गेलं नाही. पोळ्याला गेलेले आचारी अजून परतले नव्हते आणि धुरपाची चूल थंड! राजे स्वतः तणतणत भिंतीलगतच्या खोल्यांपाशी गेले. पहिल्याच, धुरपाच्या दाराला आतून कडी होती. त्यांनी दार बडवलं.

"धुरपे! पळालीस की काय?"

आतून झोपाळलेला, तृप्त आवाज आला, "आले, आले! घरात हाय मी!"

राजे पोट धरून हसले आणि उपाशीच माघारी फिरले.