मुठीची घळ

वाकून या पाव्हणं, डोकं सांभाळा. त्या मोठ्या दगडाच्या बुडाशी भोक दिसतं ना, माणूस सरपटत जाईल एवढं? तीच मुठीची घळ. आत हात घालू नका. आधी ऐका.

फार मागं, गावाला गाडीवाटही नव्हती तेव्हा, जत्रेला निघालेली नऊ माणसं पावसाला भिऊन इथं शिरली म्हणे. वरून दरड आली आणि घळीचं तोंड बुजलं. आत कातळातून पाणी ठिबकत होतं. खायला होतं जत्रेसाठी घेतलेलं अर्धं पोतं फुटाणे.

त्या नवांत धुळाबा मेंढका होता. मेंढा खांद्यावर टाकून डोंगर चढणारा गडी. आणि कोंडाई होती, सुपं विणणारी विधवा, उंचीनं त्याच्या कमरेला लागायची. वाटणी अशी ठरली, की ज्यानं त्यानं आपल्या हातानं रोज एक मूठ घ्यायची. सगळ्यांना एकच मूठ, मग कुरकुर कशाला?

तिसऱ्या दिवशी कोंडाई म्हणाली, "धुळाबा, तुझी एक म्हणजे माझ्या चार. देवानं हात लहान दिला, भूक नाही दिली लहान."

"दगड कोण उपसतंय गं? तू उपस, आणि घे माझी मूठ."

दोघांचंही खरं होतं. दरडीनं कोंडलं होतं त्याहून घट्ट ती माणसं या बोलण्यात कोंडली. दोन दिवस दगड हलला नाही, की कुणी कुणाकडं बघितलं नाही.

मग कोंडाईच म्हणाली, "आपल्या हातानं कुणी घ्यायचं नाही. तू मला घाल, मी तुला घालते. घेणारा पुरे म्हणेपर्यंत घालणाऱ्यानं थांबायचं नाही."

"आणि मी पुरे म्हणालोच नाही तर?"

"तर मरू सगळे. तूही."

धुळाबानं मूठ तिच्या पदरात सोडली. अर्ध्यावरच ती पुरे म्हणाली. मग तिनं आपल्या इवल्या मुठी त्याच्या ओंजळीत रित्या केल्या. तिसऱ्या मुठीला तो पुरे म्हणाला. त्याला आणखी दहा लागल्या असत्या, असं सांगतात.

नवव्या दिवशी भोक पडलं. आधी कोंडाई निघाली, मागोमाग सात जण. धुळाबाचे खांदे काही निघेनात. गावानं बाहेरून पहारी लावल्या, तर वरचा कडाच सुटायला लागला. "थांबवा, खाली माणसं हाईत," असं आतून त्यानंच ओरडून सांगितलं.

त्याला ताप भरला होता. कोंडाई भोकाशी बसून रोज मुठीनं घालायची, आणि तो रोज आधीपेक्षा लवकर पुरे म्हणायचा. एकदा त्यानं विचारलं, "कोंडाई, वाटणी बरोबर झाली का गं?" ती घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुरे असा आवाज आला नाही. कोंडाई थांबली नाही. टोपली संपली, दुसरी आणली, तीही संपली. सांजेला बायांनी तिला उचलून नेलं.

आजही दर वर्षी त्या दिवशी गावातला सगळ्यांत लहान हात इथं फुटाणे घालायला बसतो. तो दमला की दुसरा बसतो, मग तिसरा. आतून पुरे कुणी म्हणत नाही, म्हणून वाटणी झाली असं आमच्या गावात अजून कुणाला म्हणता आलेलं नाही.