न उघडलेली टाकी

“मामू, सगळां नवीन घातलंय. मगे ही चालू कित्याक होणा नाय?”

रोहिदासने हातातली मशीनची दोरी होडीत आपटली. ओढून ओढून तळहाताला फोड आला होता.

याकूबमामू पिराच्या पायरीवर बसून आपल्या हिरव्या कफनीला ठिगळ लावत होते.

“हूं…” ते म्हणाले.

मामू म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेल्या पिराचे फकीर. हिंदू असो की मुसलमान, दर्यावर जाणारा प्रत्येक जण त्यांना मामूच म्हणतो. रोहिदास मेथर हा त्यांचा लाडका चेला. बाजारात त्याचं होड्यांच्या मशिनी दुरुस्त करायचं दुकान. आपल्या हातून चालू झाली नाही अशी मशीन या खाडीत अजून यायची आहे, असं तो म्हणे. हे दुसऱ्या कोणी म्हणायची वाट तो बघत बसत नसे.

आणि आज ही मशीन त्याला दाद देत नव्हती.

मशीन होती त्याच्या थोरल्या भावाची, भिकाजीची. होडीही त्याचीच. आणि भाऊ भाऊ बोलत नव्हते.

वर्षापूर्वी दोघं याच होडीवर होते. भिकाजी पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला, उभा राहून वाट दाखवायचा, रोहिदास मागे बसून मशीन धरायचा. एका सकाळी होडी वाळूच्या दांड्यावर चढली आणि जाळं फाटलं. तू वाट दाखवली नाहीस, तू बघितलं नाहीस… किनारा येईपर्यंत भांडण असं पेटलं, की रोहिदास होडीतून उतरला तो उतरलाच. त्याने बाजारात दुकान टाकलं. भिकाजी होडी ओढून ठेवून परक्याच्या ट्रॉलरवर खलाशी झाला. ज्याची स्वतःची होडी आहे त्याने दुसऱ्याकडे राबायचं म्हणजे काय, ते खाडीकाठी कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

यंदा ट्रॉलरवाल्याने भिकाजीला नको म्हटलं. नारळी पौर्णिमा परवावर आली होती. दर्याला नारळ दिला की होड्या निघतात. मशीन चालली तर भिकाजीचा हंगाम, नाहीतर होडी विकणं आलं.

तरी हा पठ्ठ्या भावाच्या दुकानाची पायरी चढला नाही! होडी वल्हवत पिराशी आणून बांधली आणि मामूंना एवढंच म्हणाला, “तुमच्या चेल्याक सांगा.”

चेलाही त्याच आईचा. “भावासाठी नाय, तुमी सांगतास म्हणान करतंय,” असं बजावून तो कामाला लागला होता.

“प्लग नवो, कॉइल नवी,” रोहिदास आता सांगत होता. “कार्बोरेटर खोलून धुतलंय. दोरी बदललंय. तरी नाय… मशीन मेली, मामू. वर्षभर तशीच टाकून दिल्यान. सांगा तेका, भंगारात घाल.”

हे सांगताना त्याच्या आवाजात थोडं समाधानही होतं. मामूंनी सुई थांबवली.

“सगळां उघडून बघितलंस?”

“सगळां.”

“काय रवला नाय?”

“ही धाकटी टाकी रवली. ती उघडूची गरजच नाय.”

या जुन्या मशिनींची एक रीत आहे. त्या चालतात रॉकेलवर, पण सुरू होतात पेट्रोलवर. म्हणून रॉकेलची टाकी मोठी आणि पेट्रोलची एक धाकटी, डब्याएवढी. मशीन तापली की चावी फिरवून रॉकेल सोडायचं.

“गरज कित्याक नाय?” मामूंनी विचारलं.

“ती मी भरलेली, मामू. त्याच सकाळी, माझ्या हातान. झाकान घट्ट आसा. तेना हातसुद्धा लावूक नाय तिका. आणि प्लग ओलो येता, म्हणजे पेट्रोल पोचता.”

“अस्सां…”

मामूंनी सुई कफनीत टोचून ठेवली आणि ते उठले.

“चाय पितलंस?”

“पितलंय.”

पायऱ्यांच्या कडेला तीन दगडांची चूल होती. श्रावणातली लाकडं ती, आतून भिजलेली. मामूंनी फुंकून बघितलं, वारा घालून बघितला. नुसता धूर झाला आणि मामूंच्या डोळ्यांना पाणी आलं.

“रोहिदासा, त्या टाकयेतलां करवंटीभर तेल दी बघू.”

“मामू, पेट्रोल तां! भडको उडात!”

“उडांदे.”

“दाढी जळात तुमची!”

“माझी दाढी ना? तू कित्याक घाबरतंस? दी.”

चेल्याचा नाइलाज झाला. त्याने टाकीची नळी सोडली, करवंटी भरून घेतली आणि ती मामूंच्या हातात देऊन तो थेट माडाच्या मागे जाऊन उभा राहिला. मामूंनी सगळी करवंटी चुलीत ओतली. तळाशी थोडंसं राहिलं तेवढंच. मग अल्लाचं नाव घेऊन काडी ओढून आत टाकली.

रोहिदासने डोळे मिटले.

“फुस्स…”

त्याने एक डोळा उघडला. मामू दाढीसकट जागेवर होते. दुसरी काडी ओढत होते. तीही चुलीत पडली आणि विझली.

“काय झालां?” माडामागून रोहिदासने विचारलं.

“चूल भिजली रे. पयली बरी होती.”

रोहिदास धावत आला. मामूंच्या हातातली करवंटी घेऊन त्याने उजेडात धरली. वर तेलाचा पातळ पापुद्रा होता आणि त्याखाली पाणी. झाकणातल्या हवेच्या भोकातून पेट्रोल उडून गेलं होतं आणि एक अख्खं वर्ष त्या टाकीने दमट हवा पिऊन काढलं होतं. प्लग ओला येत होता, तो याच पाण्याने. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला.

“पाणी…” तो म्हणाला.

“कोणाचां?” मामूंनी विचारलं.

रोहिदासने करवंटीतलं पाणी वाळूवर ओतलं.

“माझां.”

“बरां… आणि आमची चाय?”

चहा राहिलाच. रोहिदास वर जाऊन आपल्या मोटारसायकलमधून पेट्रोल काढून घेऊन आला. धाकटी टाकी त्याने सोडवली, उपडी केली, खळखळून धुतली, फडक्याने कोरडी केली. इतक्या मायेने त्याने ती मशीन त्या दिवसात एकदाही हाताळली नव्हती. नळी जोडली, ताजं पेट्रोल भरलं, प्लग पुसला आणि दोरी ओढली.

मशीन खोकली.

पुन्हा ओढली. निळा धूर निघाला, आणि मशीन धडधडू लागली.

रोहिदासला हसूही आलं आणि भरूनही आलं. पहिली मशीन त्याने धरली ती हीच. मामू तर टाळ्या पिटत होते. त्यांच्या कफनीला धुराचा काळा डाग पडला होता आणि त्याचं त्यांना काही नव्हतं.

“झालां, मामू! आता तेका निरोप धाडा. म्हणावां, येवन घेवन जा.”

मामू कफनी वर खोचून पायऱ्या उतरले आणि होडीत चढून मधल्या फळीवर बसले.

“चल.”

“खंय?”

“माका पलतडी जावचां आसा. काम आसा.”

“आताच?”

“मशीन आता चालू आसा ना?”

पलीकडे भिकाजीचं घर होतं, हे काय रोहिदासला माहीत नव्हतं? पण मामूंनी आजवर स्वतःसाठी त्याला कसलंच काम सांगितलं नव्हतं. नाही म्हणायला जीभ रेटेना. त्याने दोर सोडला.

खाडीत दुसऱ्याही होड्या चालल्या होत्या, पण भिकाजीने त्या सगळ्यांतून आपल्या मशीनचा आवाज ओळखला. होडी किनाऱ्याला येईपर्यंत तो गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. त्याने नाळ धरली. रोहिदासने मशीन बंद केली. आता बोलायला कसलाही अडथळा नव्हता, म्हणून कोणीच बोललं नाही.

शेवटी भिकाजीने मशीनकडे बघतच विचारलं, “काय झालेलां तिका?”

रोहिदासच्या तोंडाशी प्लग आला. मग कॉइल आली. दोन्ही त्याने बदलली होती, त्यामुळे खोटंही ठरलं नसतं. भिकाजीला कधी कळलं नसतं.

त्याने मामूंकडे बघितलं. मामू दूर कुठेतरी बघत होते.

“पेट्रोल,” रोहिदास म्हणाला. “पाणी झालेलां तेचां… माझां होतां तां. मी भरलेलां.”

भिकाजी पाण्यातूनच होडीच्या मागल्या बाजूला आला. त्याने हात लांब करून त्या धाकट्या टाकीच्या झाकणावर ठेवला.

“ही मी उघडूक नाय रे,” तो म्हणाला. “तू भरलेली ती. रवांदे म्हटलां… येतलंस तेवा तूच उघडतलंस.”

रोहिदासला रडू आलं. चांगला मिशा असलेला, बाजारात दुकान असलेला माणूस, पण त्याने ते लपवलं नाही. भिकाजी तोंड फिरवून होडीच्या काठावरची वाळू पुसत राहिला. तिथे वाळू नव्हती.

वर घरी चहा झाला. मामूंनी दोन कप घेतले, उकड्या तांदळाची पेज खाल्ली, भिकाजीच्या बायकोने दिलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, कफनीत बांधून घेतली. जायची वेळ झाली तेव्हा रोहिदासला आठवलं.

“मामू, तुमचां काम होतां ना हंय?”

“माझां?” मामूंनी जरा विचार केला. “झालां तां.”

ते जाऊन पुन्हा मधल्या फळीवर बसले. रोहिदास त्यांच्यामागून चढला आणि त्याने मशीनची दोरी हातात घेतली.

“उतर तू,” भिकाजी पाण्यातून म्हणाला. “दमलंस. मामूंका मी सोडतंय.”

“रव तू घराक. नवो प्लग आसा, तुका ती कळाची नाय.”

“माका कळाची नाय? मशीन धरूक तुका शिकवल्यान कोणी?”

“शिकवलंस! आणि दांड्यार कोणी चढवल्यान?”

“दांड्यार? मी?”

“मगे काय मी? नाळेर कोण उभो होतो?”

“आणि मशीनर कोण बसलेलो? डोळे मिटून?”

आवाज चढत गेले. माडांवरचे कावळे उडाले. वर दारात भिकाजीची बायको कपाळाला हात लावून उभी राहिली. रोहिदासचे कान लाल झाले, दोरी त्याने टाकून दिली, आणि वर्षापूर्वी टाकला होता तसाच एक पाय होडीबाहेर टाकला.

मामूंनी त्याचा सदरा मागून मुठीत धरला. दुसऱ्या हाताने भिकाजीचं मनगट पकडून त्याला नाळेकडे ओढलं.

“भांडा रे पोरांनू, भांडा…” ते म्हणाले. “पण होडयेत बसान भांडा.”