विसाव्यावरून परतलेली बयाक्का

फार वर्षं झाली त्याला. बेलखडीच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता आणि गावाला ना डाक्टर ठाऊक होता, ना दवाखाना. वारणेकाठच्या या गावात बयाक्का नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. हात लोण्यासारखे, जीभ मात्र तिखट. कळा देणाऱ्या बाईला ती असं काही रागवायची, की पोटातलं मूलच घाबरून लवकर बाहेर यायचं, असं म्हणतात.

एके सकाळी सडा घालता घालता बयाक्का कोसळली. नाकाशी सूत धरलं, ते हललं नाही. नवरा सिदबा रडला, सगळं गाव रडलं. तिरडी निघाली. मसणवाटेवर पिंपरणीखाली विसावा आहे. खांदेकरी तिथं तिरडी उतरवतात आणि खांदा बदलतात. तिथं तिरडी टेकली आणि बयाक्का उठून बसली.

"आई गं! पाठीत कामटी टोचतीया," ती म्हणाली.

खांदेकरी जे पळाले, ते नदी पार करूनच थांबले, असं म्हणतात. एकटा सिदबा तेवढा जागेवर राहिला. बयाक्कानं त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही कोण म्हणायचं, पावणं?"

तिला काहीच आठवत नव्हतं. गाव नाही, नवरा नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही.

चावडीवर खल झाला. पाटील म्हणाले, "कुडी बयाक्काची हाय, व्हय. पर आत कोण येऊन बसलंय, कुणाला ठावं? वेशीच्या आत घ्यायची न्हाई."

सिदबानं वाद घातला नाही. विसाव्याजवळ त्यानं खोप घातली आणि तोही तिथंच राहिला. भाकरी खाताना तो तिला तिचीच गोष्ट सांगायचा. लग्नात ती अंतरपाटाआडून कशी खुदकन हसली, शेजारणीशी भांडून पुन्हा तिच्याचकडे ताक मागायला कशी गेली. बयाक्का परक्या बाईची गोष्ट ऐकावी तशी ऐकायची.

"बरी होती की ती बाई," ती म्हणायची.

"तापट होती."

"मग तुमचंच काहीतरी चुकत असंल."

हे ऐकलं, की सिदबाचा जीव निवायचा.

आणि मग पाटलांची सून गोदा अडली. मूल आडवं आलेलं. दुपार कलली, गोदाचा आवाज बसला. तेव्हा पाटील स्वतः पागोटं हातात घेऊन विसाव्यावर आले.

"कुणी का असंना तू, बाई. चल."

"मला त्यातलं काय येत न्हाई हो," बयाक्का घाबरून म्हणाली. पण गेली.

गोदाच्या पोटावर हात ठेवले मात्र, हातांनी तिला विचारलंच नाही. ते आपोआप फिरू लागले, मूल वळवू लागले. त्यामागून जीभही सुटली. "रडतीस काय, गधडे! जोर लाव!" बाहेर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

मूल आलं, पण निळं, निपचित. बयाक्कानं ते छातीशी धरलं, तोंडात फुंकर घातली आणि कानाशी म्हणाली, "ये बाबा, भिऊ नगंस. मी बी आत्ताच आलीया."

पोर असं रडलं, की ओढ्यापलीकडची गुरं हंबरली, असं म्हणतात.

पाटलांनी हात जोडले. "आता तरी सांग, तू कोण?"

"ते मला अजून कळलं न्हाई. आधी हिला कढत पेज द्या."

"आणि तिकडं काय असतं?"

"दारापतूर गेले हुते. आत कुणीतरी हसत हुतं. मग ती कामटी टोचली."

बयाक्काला मागचं कधीच आठवलं नाही. पण गावानं तिला वेशीच्या आत घेतलं. त्यानंतर ती पुष्कळ जगली, आणि सिदबाशी तिचं दुसऱ्यांदा जमलं ते पहिल्यापेक्षा गोड होतं, असं म्हणतात. सिदबा आधी गेला. पुढं तीही खरोखरच गेली, तेव्हा विसाव्यावर तिरडी उतरवून सगळं गाव भोवती बसलं. पुन्हा विसरली तर? म्हणून जो तो तिला सांगू लागला, तू अशी होतीस, मला असं रागवलीस. सांगता सांगता लोक पोट धरून हसले. मग थोडं थांबले, आणि ती उठत नाही असं बघून पुढं निघाले.

बेलखडीत आजही तिरडी विसाव्यावर टेकली, की कुणीतरी म्हणतं, "बयाक्काच्या नावानं बसा रं." मग माणसं गेलेल्याला त्याची गोष्ट सांगतात, खोडींसकट. परगावचे पाहुणे चकित होतात. मयताला आलेलं गाव हसतंय कसं, त्यांना कळत नाही.