पारव्याच्या दोन काड्या

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा पाखरं माणसांशी बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकून घ्यायची. हल्लीही बोलत असतील, कोण जाणे. ऐकायला उसंत कुणाला आहे?

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात ठमाबाई नावाची एक माळीण राहायची. एकटी बाई, पण कामाला वाघीण. दिवस उगवायच्या आत विहिरीचं पाणी ओढायची, वेलांच्या आळ्यांत सोडायची, पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकांना दगड बांधायची, आणि मग खुरपं घेऊन वाफ्यात बसायची. तणाशी तिचं सात जन्मांचं वैर होतं.

"तण दोन पानांवर असताना चिमटीनं निघतं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, कुणी विचारलेलं नसलं तरी. "थांबलात की कुदळ लागते, आणि मग तणाबरोबर शेजारचं रोपही उपटून येतं."

पण बाई मनानं लोण्याची. दारात आलेल्याला नकार देणं तिला जन्मात जमलं नाही. 'नाही' हा शब्द तिच्या जिभेपर्यंत यायचा आणि तिथूनच मागे फिरायचा.

त्या गावचे कडवे वाल पंचक्रोशीत नावाजलेले होते. एके वर्षी वालांवर माव्याची अशी कीड पडली की कुणाच्या घरी बियालाही दाणा उरला नाही. उरला तो एकट्या ठमाबाईकडे. तिनं एका मडक्यात राखेत घालून, तोंड शेणामातीनं लिंपून बी ठेवलं होतं. गावची चार वडीलधारी माणसं तिच्या अंगणात आली.

"ठमाबाई, हे बी आता एकट्या तुझं नाही, गावाचं आहे," ती माणसं म्हणाली. "भात कापून झालं की तुझ्या मळ्यात लाव, आणि पीक आलं की घरटी एक मूठ दे. हे गेलं तर आपल्या गावचा वाल गेला."

"जिवापाड जपेन," ठमाबाई म्हणाली. तिच्या शब्दाला गावात किंमत होती.

आता मळ्याच्या मधोमध तिचं एक छप्पर होतं. अवजारं, दुरड्या, दोर असं सगळं त्यात असायचं. भर पावसाळ्यात एके दिवशी एक पारवा आणि त्याची पारवी त्या छपराच्या आढ्यावर, आतल्या मधल्या आडव्या लाकडावर, येऊन बसली. पारवा म्हणजे आपलं रानकबूतर हो, राखाडी अंगाचं, गळ्यावर मोरपंखी झाक असलेलं. दोघंही भिजून चिंब झालेली.

"ठमाकाकू," पारवा मान डोलवत म्हणाला, "घटकाभर बसलो तर चालेल ना?"

"बसा की," ठमाबाई म्हणाली. "आढं काही झिजत नाही."

दुसऱ्या दिवशी आढ्यावर दोन काड्या आडव्या पडलेल्या दिसल्या. ठमाबाईनं वर पाहिलं. पारवा लगबगीनं म्हणाला, "दोनच काड्या आहेत काकू. पाय घसरतात, म्हणून ठेवल्या. तुमचं काय जातं?"

खरंच, दोन काड्यांनी काय जातं? ठमाबाई हसली आणि खुरपायला बसली.

पारव्याचं घरटं ते काय असतं? चार काड्या इकडच्या, चार तिकडच्या, की झाला संसार. पुढे कधी वर पाहिलं तर पारवी दोन अंड्यांवर बसलेली. खाली दुरड्यांवर विष्ठेचा सडा, मुगाच्या कोवळ्या रोपांचे शेंडे खुडलेले. ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे, हे काय चाललंय?"

पारव्यानं आवाज एकदम खाली आणला. "हळू बोला काकू. बाळंतीण आहे घरात."

झालं. बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नाही, ही त्या गावाची रीत होती. वैऱ्याची लेक असली तरी तिला ओसरी द्यायची. ठमाबाई दुरड्या धुवायला घेऊन गेली.

पिल्लं झाली, आणि पिल्लांच्या बारशाला पाहुणे आले. पारव्याची आत्या, पारवीचे मामा, आत्याच्या सुना, मामांचे जावई. बारसं उरकलं तरी पाहुणे काही हलेनात. हलतील कशाला? छप्पर कोरडं होतं, मळा हिरवा होता, आणि मालकीण नाही म्हणत नव्हती.

शेजारी पुतळाबाई कुंभारीण राहायची. ती बांधावरून बघायची आणि म्हणायची, "ठमे, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. काठीनं ढोस आणि पाड ते घरटं."

"पिल्लं आहेत गं त्यात," ठमाबाई म्हणायची. "एकदा उडून जाऊ देत."

पण पारव्यांची तऱ्हाच अशी, की पहिली पिल्लं घरट्यात असतानाच पुढच्या घरट्याची काडी पडलेली असते. एकीकडे पिल्लं उडाली, तर दुसरीकडे अंडी तयार. पावसाळा सरला, भातं कापून झाली, पण ठमाबाईच्या छपरात बाळंतीण नाही असा दिवस काही उजाडला नाही.

वाल पेरायची वेळ आली. ठमाबाईनं मडक्याचं तोंड फोडलं. अर्धं बी ठेवलं, अर्धं पेरलं. सगळं बी एकदम मातीत घालू नये, ही तिची सवय. वाफा सारखा करून ती पाणी आणायला विहिरीवर गेली. परत येऊन पाहते तर वाफ्यावर पारवेच पारवे. आत्या, मामा, सुना, जावई, सगळे चोचींनी माती उकरत होते. तिला पाहून ते भुर्रकन उडाले. वाफ्यात एक दाणा राहिला नव्हता.

पारवा आढ्यावर बसून गळा फुगवत म्हणाला, "काकू, वाल जरा कडवटच आहेत हो."

ठमाबाई मटकन खाली बसली आणि रडली. मुगाचे शेंडे गेले होते तेव्हा ती रडली नव्हती. पण हे गावाचं बी होतं, आणि तिनं शब्द दिला होता.

पुतळाबाई काठी घेऊनच आली. "सर बाजूला. आज मी त्या घरट्याचं वाटोळं करते."

ठमाबाईनं तिचा हात धरला. "नको. पिल्लांना पिसंही फुटली नाहीत अजून."

"आणि गावाचं बी?"

ठमाबाईनं तिचा हात सोडला नाही. पुतळाबाई पाय आपटत निघून गेली. ठमाबाईनं डोळे पुसले आणि हाताला चाळा म्हणून खुरपं उचललं. दोन पानांचं एक तण चिमटीत धरून उपटलं, आणि तिचा हात तसाच थांबला.

'सगळ्या गावाला शिकवते,' ती स्वतःशी म्हणाली, 'तण दोन पानांवर ओळखावं. आणि मला पारवा दोन काड्यांवर ओळखता आला नाही.'

ती उठली, छपराखाली गेली आणि वर बघून म्हणाली, "पारव्या, ऐक. ही बाळंतीण शेवटची. हिची पिल्लं उडेपर्यंत मी घरट्याला हात लावणार नाही. त्यानंतर माझ्या आढ्यावर एक काडीसुद्धा टिकणार नाही."

"बरं काकू," पारवा म्हणाला. तो मनात हसत होता. अशा काकू त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या.

पण ठमाबाई त्याच दिवशी कामाला लागली. उरलेलं अर्धं बी तिनं पेरलं, त्यावर दुरड्या पालथ्या घातल्या, दुरड्यांवर दगड ठेवले, भोवती बोरीच्या काट्या रचल्या. अंगणातला सांडलेला दाणा न् दाणा झाडून घेतला. पाहुण्यांना तिनं तोंडावर सांगितलं, "बारसं झालं. आता आपापल्या घरी निघा." हे म्हणताना तिचे कान लाल झाले होते, पण ती म्हणाली. खायला काही मिळेना, तसे पाहुणे एकेक करून पांगले.

मग एका सकाळी पिल्लं उडाली. ठमाबाई विहिरीवर होती. तिनं भरलेली घागर तिथंच ठेवली, शिडी लावली, घरटं काढलं, आढं पाण्यानं घासून धुतलं आणि दिसतील तेवढ्या फटींत बांबूच्या कामट्या ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी आढ्यावर दोन काड्या होत्या. तिनं शिडी लावून त्या काढल्या आणि चुलीशेजारी ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन काड्या, पुन्हा शिडी. पारवा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो रोज काडी आणायचा आणि ठमाबाई रोज काढायची. पाणी देणं, खुरपणं, वेलांना आधार देणं, तसं तिचं हेही एक रोजचं काम होऊन बसलं. कंबर धरली तरी ती शिडी चढली. अंगात कणकण होती, त्या दिवशीही चढली.

पारवा कधी गोड बोलला, कधी रुसला, आणि शेवटी म्हणाला, "आम्हाला वाटलं होतं, तुम्ही देवमाणूस आहात."

हे मात्र ठमाबाईला लागलं. तिनं शिडी लावली आणि काडी काढली.

मग थंडीतल्या एका संध्याकाळी पारवी स्वतः आली. अंगानं जड झालेली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "काकू, माझे दिवस भरत आले आहेत. एवढ्या वेळेला राहू द्या."

'राहा' हा शब्द ठमाबाईच्या जिभेवर आलाच होता. तिनं मागे वळून पाहिलं. दुरड्या आता काढल्या होत्या. काठ्यांवर वालाचे वेल चढले होते, पहिली फुलं लागत होती. तिनं तो शब्द गिळला.

"पोरी," ती म्हणाली, "आज तू उडू शकतेस. डोंगराच्या कड्यात कपारी आहेत, तुझी आजी-पणजी तिथंच बाळंत झाली. उद्या अंडं घातलंस तर तू उडू शकणार नाहीस आणि मी तुला काढू शकणार नाही. म्हणून आजच सांगते. जा."

पारवी पंख फडफडवत कड्याकडे गेली. पारव्यानं चोचीतली काडी टाकली आणि तिच्या मागोमाग तोही गेला.

ठमाबाईला वाईट वाटलं, फार वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आढ्यावर काडी नव्हती, आणि त्यानंतरही कधी दिसली नाही.

वालाच्या शेंगा भरल्या, वाळल्या. ठमाबाईनं गावात घरटी एक मूठ बी वाटलं. कड्याच्या कपारीत पारवीची दोन पिल्लंही वाढली. गावाच्या कापल्या शेतांत ती दाणे टिपायला यायची, आणि तिथं त्यांना कुणी काही म्हणायचं नाही.

आपली मूठ घ्यायला पुतळाबाई आली तेव्हा ठमाबाई वालाचं बिरडं शिजवत होती. चुलीत त्याच काड्या जळत होत्या, पारव्यानं रोज दोन-दोन करून आणलेल्या.

"ठमे," पुतळाबाई म्हणाली, "पोटुशीला जा म्हणालीस. तू दगडाची कधी झालीस गं?"

ठमाबाईनं आणखी दोन काड्या चुलीत सारल्या. "दगडाची असते तर अंड्यापाशीही नाही म्हणाले असते," ती म्हणाली. "मला ते जमत नाही. म्हणून मी काडीपाशी नाही म्हणते."

तात्पर्य: ज्याचं मन मऊ, त्यानं नकार लवकर द्यावा.